न तुटणारा दोर

लाँच बंधाऱ्याच्या पाण्यात मधोमध एकटीच फिरत होती आणि काठावरच्या खांबाला अर्धा दोर लोंबत होता. महिन्यातली ही दुसरी वेळ. फोनवर साहेबांनी मोजकंच सांगितलं, "पुन्हा लाँच सुटली तर तुमची बदली जतला. तिथं सुटायला पाणीच नाही."

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी सातारा जिल्ह्यात एका बंधाऱ्यावर ज्युनिअर इंजिनिअर होतो. गाळ मोजायला खात्यानं छोटी लाँच दिली होती. बायकोनं नुकतीच क्वार्टरपुढं वांगी लावली होती. जतला जायची माझी मुळीच तयारी नव्हती.

जुना दोर काथ्याचा, भिजून भिजून कुजलेला. नवा आणायला मी आणि लाँचचा ड्रायव्हर तातोबा सांगलीला गेलो. तातोबा म्हसवडकडचा. मिलिटरीत पंधरा वर्षं ट्रक चालवलेला, पाण्याशी संबंध पिण्यापुरता. दुकानदारानं दोन दोर पुढं टाकले. एक नायलॉनचा, दुसरा वायर रोप, म्हणजे पोलादी तारांना पीळ देऊन केलेला.

"आवं सायेब," दुकानदार म्हणाला, "नायलॉन न्या. त्यो ताणतोय. वाऱ्यानं बोट हिसकली तर हिसका दोरानं खायला पायजे."

मी खिशातली चोपडी काढली. त्यात प्रत्येक दोराचा ब्रेकिंग लोड होता, म्हणजे किती ओढीला दोर तुटतो तो आकडा. वायर रोप पहिल्या नंबरावर.

"ताणणारा नको. न तुटणारा द्या."

"त्यो तुटायचा न्हाईच, पण..."

'पण'च्या पुढचं मी ऐकलं नाही. इंजिनिअर होतो ना!

वायर रोपला गाठ बसत नाही. तो दुमडून त्यावर लोखंडी क्लँप लावतात आणि नट आवळतात. तातोबानं पान्यावर उभं राहून नट आवळले. लाँच खांबाला नाक लावून उभी राहिली.

"थोडा सैल ठेवायचा का रे?" मी विचारलं.

"सायेब, बैल कवा सैल बांधत्यात व्हय? सैल सोडला की गेला शेजाऱ्याच्या शाळूत!"

मला पटलं. आमच्याही गोठ्यात बैल होते.

सोमवारी साहेब खास दोर बघायला येणार होते. नेमकी त्याच सकाळी खालच्या गावांच्या उसाची पाण्याची पाळी. गेटमननं दारं उघडली आणि दहापर्यंत पाणी चार फूट उतरलं. लाँच मात्र उतरली नाही. तिचं नाक खांबाला टांगलेलं, बूड पाण्यात, आणि मागून पाणी आत यायला लागलेलं.

"तातोबा, सोड तो दोर!"

"नट हलंना, सायेब. समदं वजन त्याच्यावर हाय."

"मग काप!"

त्यानं उसाचा कोयता आणला. तिसऱ्या घावाला कोयत्याला दाते पडले. दोराला नुसता ओरखडा.

"लय भारी दोर निवडला, सायेब," तातोबा मनापासून म्हणाला. मला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात जीप आली. साहेब पायऱ्या उतरून वाकून बघायला लागले, आणि काडकन आवाज झाला. लाँचच्या नाकावरचा, दोर अडकवलेला खुंटा फळीसकट उपटून आला, लाँच धप्पकन पाण्यात आदळली आणि साहेब चष्म्यापर्यंत भिजले. लाँच निवांत मधोमध निघाली.

"दोर तुटला?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"मग?"

"लाँच तुटली."

साहेबांनी चष्मा पुसला. "निवडला कोणी?"

"मी."

"बांदला म्या, सायेब," तातोबा मध्येच म्हणाला. त्याचं भलं होवो. पण आखूड बांधू दिला तो मीच, हेही मी सांगून टाकलं.

ऑर्डर आठ दिवसांत आली. वांगी शेजाऱ्यांनी खाल्ली. जतला मी तीन वर्षं टँकरच्या खेपा मोजल्या आणि थोडं कानडी शिकलो.

माझ्या जागी आलेल्या इंजिनिअरनं नायलॉनचा दोर आणला आणि पाणी खालीवर होईल तेवढा सैल बांधला. लाँच पुन्हा सुटली नाही. वायर रोपनं तातोबा चिखलात रुतलेले ट्रक ओढून काढू लागला. त्या कामाला तसला दुसरा दोर नाही, असं त्यानं पत्रात कळवलं. दोर निवडताना मी एकच प्रश्न विचारला होता, तुटेल का? दुकानदाराचं 'पण' ऐकून घ्यायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.