भाऊजी थर्ड पार्टी

विम्यातलं मला सगळं कळतं, असं आमच्या घरात सर्वांचं मत होतं. सर्वांत आधी ते माझं होतं.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. नागपुरात एका सरकारी कचेरीत मी हेडक्लार्क होतो आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरांची तितकीच म्हातारी मोटार विकत घेऊन बसलो होतो. (नुसता बसलोच होतो. ती चालायची कमी!) विम्याच्या कागदावर ‘थर्ड पार्टी’ असे शब्द होते. ते मी बायकोला समजावून सांगितले.

"पयली पार्टी मी, दुसरी तू. तिसऱ्या कोनाले गाडी देली अन् त्यानं ठोकली, तं कंपनी भरून देते!"

"मले तं चालवताच येत नाही. मी काहून पार्टी?"

"कायद्यात तसंच असते!"

अशात एका सकाळी नागपूरजवळच्या कुही गावाहून भाऊजी आले. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, ताईचे यजमान. आमची आई लवकर गेली. ताईनं लोकांच्या हातमागांसाठी सुताच्या कांड्या भरून मला मॅट्रिक केलं आणि त्या बदल्यात जन्मात काही मागितलं नाही. आता तिच्या सासूला मोतीबिंदूसाठी नागपुरात, धंतोलीच्या दवाखान्यात आणायचं होतं.

"गाडी भेटन का, साळेबुवा? मायच्यानं बसमधी बसवत नाही."

"भेटन म्हंजे? बिनधास्त न्या! ठोकली तरी फिकर नोका करू. तुम्ही थर्ड पार्टी!"

हा काहीतरी मोठा मान असावा असं समजून भाऊजी चक्क लाजले.

मायला आणायला जाताना कुहीच्या अलीकडेच रस्त्यात शेळी आली. भाऊजींनी शेळी वाचवली आणि गाडी कडुलिंबावर घातली. गाडीचं तोंड पार आत गेलं, भाऊजींच्या कपाळाला चार टाके पडले. शेळी तिथंच चरत राहिली म्हणे!

मी निर्धास्त होतो. अर्ज लिहायला बसलो आणि मनात शंका आली. जावई म्हणजे तसा घरचाच माणूस! कंपनीनं त्यांना दुसऱ्या पार्टीत ढकललं तर? मग मी माझं सगळं हेडक्लार्कपण पणाला लावून एक वाक्य घातलं: ‘सदर गाडी चालविणारा इसम माझा अथवा माझ्या कुटुंबाचा कोणीही लागत नाही.’

"काय लिहून राहिले इतकं?" बायकोनं विचारलं. मी वाचून दाखवलं. (दोनदा. ‘सदर इसम’ मला फार आवडलं होतं.)

"अहो, ताईच्या कानावर गेलं तं?"

"ताई काय विमा कचेरीत येऊन राहिली?"

ताई आली नाही. पण चालवणाऱ्याचं लायसन दाखवायचं होतं, म्हणून कपाळाला पट्टी बांधलेले भाऊजी माझ्यासोबत आले. तिथल्या कारकुनानं अर्ज खणखणीत आवाजात वाचला. सगळा! मग म्हणाला, "याच्याखाली यांची सही पाहिजे."

भाऊजींनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

"भाऊजी, ते आपलं नुसतं लिवा लागते म्हनून..."

त्यांनी पेन मागितला आणि त्या ओळीखाली सावकाश सही केली.

"शेळीले काही झालं का?" कारकुनानं विचारलं.

"नाही."

"अरेरे!" त्याला मनापासून वाईट वाटलं. "थर्ड पार्टी म्हंजे ज्याले ठोकलं तो. शेळी मेली असती तं शेळीवाल्याले भरपाई भेटली असती. तुमच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, तो तुम्ही काढलाच नाही. अन् हे काहून लिवलं? चालवनारा जवाई असो का परका, लायसन असलं का आमाले काही फरक पडत नाही!"

त्यानं अर्ज परत केला. मी हात पुढे करायच्या आत भाऊजींनी तो घेतला, घडी केली आणि खिशात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "येतो, साहेब."

साहेब! मी तिथंच उभा राहिलो.

ताईनं सासूला बसनंच आणलं. धंतोलीत आठवडाभर राहिली, माझं घर तिथून पायी दहा मिनिटांवर, पण ती आली नाही. भाऊबीजेलाही आली नाही. शेवटी मीच बसनं कुहीला गेलो.

त्या घरात मी नेहमी चुलीपाशी पाटावर बसायचो. ताईनं बाहेर ओसरीवर खुर्ची टाकली आणि म्हणाली, "बसा."

मला! जिनं माझं नाक पुसून मला शाळेत धाडलं, ती मला ‘बसा’ म्हणाली!

"ताई, ते फक्त अर्जातलं होतं वं!"

"हो, वाचला ना." तिनं पदरानं डोळे टिपले. "अक्षर लय सुंदर आहे तुमचं. मीच तं गिरवून घेतलं होतं."

मला रडू आवरेना. चहा आला तो पाहुण्यांच्या कपबशीत.

हेडक्लार्क म्हणून मी जन्मभर अर्ज लिहिले. रजेचे, बढतीचे, बदलीचे. एकजात सगळे नामंजूर झाले. मंजूर झाला तो एवढा एकच, आणि तोही कंपनीत नाही, कुहीत!