आगबोटीवरून सोडलेलं बाळ
दगडी कोळशाच्या धुराचा वास आला की अजूनही माझे हात आपोआप छातीशी आवळले जातात. लेक जेमतेम बसायला लागला होता, तेव्हा त्याला घेऊन आम्ही नवराबायको मुंबईहून आगबोटीने रेवदंड्याच्या सहलीला निघालो होतो. खांदेरी बेटावरचं दीपगृह, किनाऱ्यावरच्या माडांच्या रांगा, सगळं मी त्याला बोटाने दाखवत आले. पण आगबोट धक्क्याला न लागता खाडीच्या तोंडाशीच थांबते आणि तिथे उतारूंना छोट्या पडावात, म्हणजे होडीत, उतरवतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. पडाव लाटेबरोबर वर यायचा आणि पुन्हा खोल जायचा. मी शिडीवर घुटमळले, तेवढ्यात खलाशाने माझ्या कडेवरचं बाळ उचललं आणि सरळ खाली सोडून दिलं. पडावातल्या कोळणीने त्याला मासळीची टोपली झेलावी तसं सहज झेललं. "इचारीत बसलो असतो तं लाट गेली असती, बाय," खलाशी म्हणाला, "आता तुमी उतरा." बाळ खुदखुदत होतं. परवा तोच लेक आपल्या तान्ह्या मुलीला हवेत उडवून झेलत होता. ती खिदळत होती, आणि मी भिंतीला धरून उभी होते.