देशकरची पावलं

बायपास झाल्यावर माणसाजवळ दोन गोष्टी साठत जातात. एक, गोळ्यांची रिकामी पाकिटं. दुसरी, किस्से. पाकिटं आमची बायको सुमन फेकते, किस्से कोणी फेकत नाही. त्यात आमचा व्यायामाचा क्लास मोबाईलवर! सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात वाजता, रायपूरचे आम्ही सहा हार्टवाले स्क्रीनवरच्या सहा चौकोनांत. शिकवायला दवाखान्यातली ऋतू दीदी. प्रत्येकाच्या मनगटावर एक घड्याळ. ते पावलं मोजतं, धडधड मोजतं आणि सगळं दीदीला सांगतं. चुगलखोर कुठलं!

पहिल्याच दिवशी दीदी म्हणाली, "हाथ ऊपर!" मी केले. "बोबडे जी, सिर्फ आपका पंखा दिख रहा है." मोबाईल वाकवला, तर नुसतं पोट दिसायला लागलं. शेजारच्या चौकोनात मात्र एक माणूस डोक्यापासून बुटांपर्यंत पूर्ण! दीदी म्हणाली, "सब लोग देशकर जी को देखिए."

तेव्हापासून मी देशकरलाच पाहून राहिलो. शिकायला नाही, जळायला!

*

देशकर सिलतऱ्याच्या स्टील कारखान्यातून रिटायर, मी रेल्वेच्या ऑफिसातून. दोघांचं ऑपरेशन एकाच आठवड्यातलं. पण संध्याकाळी ग्रुपवर पावलांची यादी आली, की देशकर सात हजार, बोबडे तीन हजार. रोज!

एक दिवस सुमन सदर बाजारात निघाली. मी घड्याळ काढून तिच्या हातात बांधलं. "फक्त आजचा दिवस!" पावलं धडाधड वाढत होती. मी सोफ्यावर पडून खुश. दुपारी दीदीचा फोन.

"काका, आप पंद्रह मिनट से एक जगह खड़े हैं और धड़कन बहुत तेज है. सीने में दर्द तो नहीं?"

मी घाबरून सुमनला फोन लावला. "अवं, तुले काही होऊन राहिलं का?"

ती म्हणाली, "काही नाही. तुमची बहीण भेटली!"

दीदीला सगळं खरं सांगावं लागलं. त्या संध्याकाळी यादीत माझ्या नावापुढे नुसती एक रेघ होती.

*

सुमननं जवसाची बिनमिठाची चटणी केली. चौतीस वर्षांत माझ्यासाठी कधी नाही. मी चमचा उचलला, तर म्हणते, "थांबा! ती देशकर भाऊजींसाठी आहे. एकटा माणूस, स्वतःच्या हातानं करून खाते."

"अन् मी?"

"तुम्हाले मी आहो नं!"

डबा द्यायला भनपुरीला त्याच्या घरी मलाच जावं लागलं!

*

मग आली सहा मिनिटं चालायची परीक्षा. घरातल्या घरात दोन खुर्च्या ठेवायच्या, त्यांच्यामध्ये येरझारा घालायच्या. दीदीनं तीनदा बजावलं, "आराम से. यह रेस नहीं है." पण स्क्रीनवर देशकर सुरू झाला आणि माझं डोकं फिरलं. तिसऱ्या मिनिटाला मी चक्क पळून राहिलो होतो.

छातीत काहीतरी आवळलं. मी खुर्ची धरली.

"बोबडे जी, बैठिए! तुरंत बैठिए!" दीदी ओरडली. तिच्यापेक्षा मोठ्यानं देशकर ओरडला, "वहिनी! गोळी! जिभेखाली!"

सुमननं गोळी दिली. ॲम्ब्युलन्स आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेवर थांबले म्हणून निभावलं. डोळे उघडले तर दाराबाहेर देशकर. भनपुरीहून माझ्या साळ्याच्या आधी पोचला होता. संध्याकाळपर्यंत काळजीनं कॉरिडॉरमध्ये इकडून तिकडे चालत होता.

मग यादी आली. देशकर बारा हजार!

माझ्या दुखण्यातही पहिला नंबर त्याचाच!

*

मी बरा होऊन क्लासला परतलो, तेव्हा फक्त दोन आठवडे उरले होते. शेवटच्या दिवशी दीदीनं विचारलं, "अब सबको अपने आप करना है. बताइए, रोज करने का मन कैसे हुआ?" कोणी नातवाचं सांगितलं, कोणी डॉक्टरच्या धाकाचं.  मग दीदीनं देशकरला विचारलं.

"मी बोबडेचा चौकोन मोठा करून ठेवतो," तो म्हणाला.

मी चमकलो. "माझा? काहून बा?"

"वहिनी मागून तुले रागावत असते नं. 'हळू करा.' 'पाठ सरळ ठेवा.' 'आता पाणी प्या.' तू तर ऐकत नाहीस. मी आवाज वाढवून ठेवतो अन् तसं तसं करतो."

 

सुमन स्वयंपाकघरातून आली. कणकेचे हात तसेच. मला बाजूला सारून ती मोबाईलपुढे वाकली आणि माझ्यावर डाफरते अगदी त्याच आवाजात म्हणाली, "भाऊजी, घाम पुसा आधी. अन् पाणी प्या!"

देशकरनं टॉवेल घेतला. घाम पुसला. मग ग्लास उचलला आणि आमच्यासमोर पूर्ण रिकामा केला.