नवऱ्याचा बाटलीहिरवा सूट

गेल्या रविवारी बेंगळुरूत, जयनगरला माझ्या सासरी, आमचं निरोपाचं जेवण होतं. आणि माझा नवरा बाटलीहिरव्या रंगाचा थ्री-पीस सूट घालून जेवायला बसला होता... भर दुपारी, पंख्याखाली, केळीच्या पानासमोर!

आधी थोडं सांगते. मी मूळची पुण्याची, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत. कंपनीने मला नेदरलँड्सला, रॉटरडॅमच्या ऑफिसात टीम सांभाळायला बोलावलं. श्रीनिवास, म्हणजे नवरा, इथे कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. त्याने राजीनामा दिला. मी वर्क व्हिसावर, तो आणि आमची छोटी इरा डिपेंडंट म्हणून.

बातमी कळल्यापासून सल्ले सुरू. लांबचा प्रवास आहे, ट्रॅक पँट घाला. लेकरू बरोबर आहे, फॅशन कशाला...

आम्ही ठरवलं, नाही! तिघं मिळून नवा संसार मांडायला निघालोय, तर चुरगळलेल्या टी-शर्टात अंग चोरून नाही जायचं. मी जांभळी इरकल काढली, त्यावर पांढरे स्नीकर्स. इराने सोनेरी बूट निवडले. श्रीनिवासने इथल्याच, बेंगळुरूच्या शिवाजीनगरात सूट शिवायला टाकला. लग्नाच्या वेळीसुद्धा त्याचा एवढा उत्साह मी पाहिला नव्हता.

तोच सूट आईला दाखवायला तो घालून आला होता.

जेवण छान चाललं होतं. अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, "स्वल्प घे ग अजून" म्हणत सगळ्यांना बिसीबेळेभात वाढत होत्या. सासरे, अण्णा, नेहमीसारखे गप्प. हे घर पिढ्यानपिढ्या बेंगळुरूचं... आणि घरात शेवटचा शब्द अण्णांच्या थोरल्या बहिणीचा. त्यांना सगळेच अक्का म्हणतात.

अक्कांनी सूटकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "एवढा नटून तिकडं करणार काय रे तू? ऑफिसला तर ती जाणार. तू भांडी घासणार ना?"

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले.

माझी कानशिलं तापली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात श्रीनिवासच बोलला, अगदी शांतपणे. "हो अक्का. भांडी घासणार, इराला शाळेत सोडणार, तिथली भाषा शिकणार, मग काम शोधणार. आणि शाळेत सोडायला हाच सूट घालून जाणार."

"बायकोच्या मागं जायचं आणि वर हा तोरा!" अक्का अण्णांकडे वळल्या. "अरे, बाप ना तू? तू तरी सांग याला."

अण्णा काही बोलायच्या आत अम्मांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"अक्का, मी हायस्कुलात गणित शिकवत होते. ह्यांची हासनला बदली झाली आणि मी नोकरी सोडली. मग बळ्ळारी, मग शिवमोग्गा. तिकडं जाऊन ही काय करणार, असं तेव्हा तुमच्यातल्या कुणी विचारलं होतं?"

हसणाऱ्यांनी आपापल्या पानात माना घातल्या.

"श्रीनूला निदान नवा सूट तरी मिळाला," अम्मा म्हणाल्या. "मी सामानाच्या लॉरीत बसून गेले, जुन्या साडीत."

आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. वर्गात फळ्यावर एखादी पायरी समजावून सांगावी, तशा बोलल्या. इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं... त्यांच्या मुलानेही नाही.

अण्णांनी घास पानात ठेवला. "तेव्हा काय हवं होतं तुला?"

मला वाटलं, अम्मा म्हणतील, नोकरी. त्यांनी जरा विचार केला. "नोकरी तर हवीच होती, ते तुम्हाला ठाऊक होतं. त्याशिवाय... गॉगल हवा होता. बस स्टँडवर एका बाईनं घातलेला पाहिला होता. पण नवऱ्याच्या मागं निघालेल्या बाईनं गॉगल कुठल्या तोंडानं मागायचा?"

अक्का काही विरघळल्या वगैरे नाहीत. ताक नको म्हणाल्या, पायात चपला घातल्या आणि निघून गेल्या. जाताना श्रीनिवासने वाकून नमस्कार केला तर आशीर्वादही दिला नाही. त्याला वाईट वाटलं, मला दिसलं. पण सूट त्याने संध्याकाळपर्यंत अंगातून काढला नाही.

आज सकाळी एअरपोर्टवर अम्मा-अण्णा आम्हाला सोडायला आले. अम्मांच्या डोळ्यांवर भला मोठा काळा गॉगल! मधल्या दिवसांत अण्णा त्यांना जयनगरातल्याच फोर्थ ब्लॉकच्या चष्म्याच्या दुकानात घेऊन गेले होते म्हणे, आणि त्यांना पसंत पडेपर्यंत हूं का चूं न करता स्टुलावर बसून राहिले होते.

"अज्जी, तू हिरोइन दिसतेस!" इरा एवढ्या मोठ्याने ओरडली की ट्रॉल्या ढकलणारे लोक वळून बघायला लागले. अम्मांनी मान ताठ केली. मी म्हटलं, "अम्मा, एक मिनिट काढा ना, फोटो घेते."

"काढणार नाही," त्या म्हणाल्या. "आत काय चाललंय ते तुम्हाला कशाला कळायला हवं?"

मी त्यांना घट्ट मिठी मारली. आमच्या नात्यात आजवर मिठी नव्हती, नमस्कार होता.

आता गेटवर बसून हे लिहितेय. समोर श्रीनिवास इराला इडली भरवतोय, चटणी त्याच्या वेस्टकोटावर सांडलीय, आणि तरी तो या अख्ख्या टर्मिनलमधला सगळ्यात देखणा माणूस आहे.

थँक्यू, अम्मा. आमच्या घरात कोण कुणाच्या मागे चाललंय, ते आम्ही बघत नाही. ज्यांना बघायचंय त्यांनी खुशाल बघावं... आमचं बोर्डिंग सुरू झालंय.