नानांचे पस्तीस

नाना मेंढरं कधी मोजत नसत. कळप परतला की एकदा नजर फिरवायचे आणि म्हणायचे, "ती काळ्या कानाची मागं ऱ्हायली." आम्ही मोजून बघायचो, तर खरंच एक कमी भरायचं. आकड्यांवर त्यांचा भरवसाच नव्हता. असा माणूस शेवटी एका आकड्यावर विसंबून राहिला, आणि तो आकडा मी सांगितलेला होता.

नाना माझे थोरले चुलते. वडील लवकर गेले, म्हणून चकलांब्याजवळच्या आमच्या वस्तीवर नानांनी आणि काकूनंच मला वाढवलं. दहावीला मी गणितात नापास झाले तेव्हा भावकी माझ्यासाठी स्थळं बघायला लागली. नाना एवढंच म्हणाले, "पुन्ना बसंल ती. मी हाय." दुसऱ्या खेपेला मला बरोबर पस्तीस पडले. मी लाजेनं घरात बसले होते आणि नाना गावभर पेढे वाटत हिंडत होते. "पस्तीस तर पस्तीस. पास म्हंजे पास." त्या पस्तिसांच्या जोरावर मी पुढं शिकले आणि बीडला एका दवाखान्यात लागले. डॉक्टर इको काढतात, पडद्यावर हृदय बघत आकडे सांगतात आणि मी ते छापील कागदावर लिहून घेते.

नानांची शीळ अशी होती की दोन शिवारं पलीकडचं मेंढरू मान वर करायचं. एके दिवशी काकूचा फोन आला. "टेकाड चढलं की नुसती हवा निघती गं त्यांच्या तोंडातून. शीळ निघंना." मी त्यांना लगेच बीडला बोलावून घेतलं.

डाव्या कुशीवर निजवून डॉक्टरांनी तपासलं आणि समजावून सांगितलं. "हृदयाचा डावा कप्पा रक्तानं भरतो. एका ठोक्याला त्यातलं शंभरातलं किती बाहेर पडतं, ते आम्ही मोजतो. धडधाकट माणसाचं साठच्या आसपास असतं. तुमचं पंचवीस आहे."

नाना म्हणाले, "म्हंजे कास भरल्याली हाय, पर धार बारीक."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले. आमच्या डॉक्टरांना हसताना मी क्वचितच बघितलंय.

गोळ्या नानांनी इमानदारीनं घेतल्या. भाकरीवरचा खर्डासुद्धा सोडला. काही महिन्यांनी पुन्हा आले तेव्हा पायांची सूज उतरली होती. आदल्या दिवशी टेकाडावर उभं राहून शीळ घातली, हे त्यांनी दारातूनच सांगितलं. आकडा आला पस्तीस. मी कागद त्यांच्या हातात ठेवला आणि मला काय सुचलं कुणास ठाऊक, हसत म्हणाले, "नाना, पस्तीस पडले. पास म्हंजे पास." ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मागून डॉक्टर सांगत होते की गोळ्या चालूच ठेवायच्या. नानांचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

त्यानंतर मेंढरं घेऊन ते लांब चरायला गेले. मांजरसुंब्याच्या हॉटेलात लोकांना कागद दाखवायचे, "पुतणीनं दिलाय. पास हाय मी." परत आणलं तेव्हा त्यांना आडवं होता येत नव्हतं. बसल्या जागी दम लागत होता. या वेळी आकडा अठरा.

डॉक्टर भडकले. "गोळ्या का सोडल्या? कुणी सांगितलं सोडायला?"

मी पेन हातात धरून उभी. नानांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "कुनी न्हाई साहेब. बरं वाटलं म्हून सोडल्या. माझंच डोकं."

डॉक्टर बाहेर गेल्यावर मला रडू आवरेना. "नाना, मीच तसं बोलले..."

"गप. तू पास झाल्यावर गणिताचं पुस्तक मीच देऊन टाकलं व्हतं न्हवं? मला वाटलं, हेबी तसंच असतंय." दम खाऊन ते पुढं म्हणाले, "साहेबाला काई बोलू नको. तुझी नोकरी हाय."

नवव्या दिवशी नाना गेले.

आता कुणाचा आकडा वाढला की मी त्या माणसामागं दारापर्यंत जाते. बरं वाटतंय ते गोळ्यांमुळं, सोडायच्या नाहीत, असं दोनदा सांगते. बाई लई बोलते, असं लोक म्हणतात. म्हणू देत. डॉक्टरांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

तेराव्यानंतर काकूनं नानांच्या बंडीच्या खिशातला कागद मला आणून दिला. घड्यांवर विरलेला, मेंढरांच्या वासाचा. "दवाखान्यातबी हातचा सोडला न्हाई बग," ती म्हणाली. मी उघडून बघितला. पस्तीस, माझ्याच अक्षरात. खाली निम्मा कागद कोरा होता. गोळ्या सोडू नका, एवढं लिहायला पुष्कळ जागा होती.