हात न जोडता फेडलेला नवस

सव्वा पायली कणकेच्या रोडग्यांचा हा नवस माझ्यासाठी बोललेला, आणि तीन वर्षं अडला तोही माझ्यामुळेच. नागपूरला माझ्या छातीतली गाठ काढत होते तेव्हा सासूबाईंनी बाहेरच्या बाकावर बसून बहिरमच्या देवाला शब्द दिला होता, की सून घरी आली की तिला घेऊन येईन. मी नास्तिक, त्यात शाळेत विज्ञान शिकवते. जीव डॉक्टरांनी वाचवला, मग आभार शेंदराचे कशाला, असं म्हणून मी बसून राहिले. त्या रागावल्या नाहीत. पण मला साधी सर्दी झाली तरी त्यांचा चेहरा उतरायचा, नवस राहिलाय म्हणून. शेवटी या पौषात मीच म्हटलं, "जाऊ या आई. पण मी हात जोडणार नाही."

"मंग नवस फिटन का?" त्यांनी विचारलं.

ते दोघींनाही माहीत नव्हतं. तरी निघायचं ठरलं आणि खरं सांगते, मला सहलीला निघाल्यासारखा आनंद झाला होता.

अकोल्यातल्या जठारपेठेतून सकाळी सहाला गाडी काढली. चालवायला माझा नवरा प्रशांत. रस्ता अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि पुढे बहिरम. तुम्ही जाणार असाल तर अकोटला थांबून गरम आलुबोंडा खाऊन घ्या, पुढे पोटाचं काही खरं नाही. अकोटनंतर डाव्या हाताला सातपुडा दिसू लागतो आणि थंडीतही काच खाली करावीशी वाटते. गाडी नसेल तर परतवाड्यापर्यंत एसटी आहे, तिथून यात्रेच्या दिवसांत वाहनं मिळतात.

अकोट सुटल्यावर मी एक नियम मांडला. वर्गात वादविवाद घेते तेव्हा मुलांना हाच देते. समोरच्याचं म्हणणं आधी आपण सांगायचं, त्याला पटेल असं. तो 'हेच' म्हणाला तरच आपलं उत्तर द्यायचं.

"तुमी दोघी हे पाळून राहिल्या तर मीच एक नवस बोलतो," प्रशांत म्हणाला.

सासूबाईंनी मात्र लगेच पदर सावरला. "तू म्हणतं, डॉक्टर इतकी वर्षं शिकला, रात्रंदिवस राबला, तवा तू वाचली. मधात देवाले आणलं का त्याच्या मेहनतीची किंमत जाते. हेच ना?"

हेच. मला स्वतःला इतकं नेटकं कधी सांगता आलं नव्हतं. आता माझी पाळी.

"तुमचं म्हणणं, नवस बोलला म्हणून देवाने मला बरं केलं."

"नाही. पुना सांग."

"देवाने डॉक्टरांना बुद्धी दिली?"

"गाठ देवानं काढली असं मी कवा म्हटलं? पुना सांग."

परतवाडा आलं तरी मी नापासच. प्रशांतला हसू आवरत नव्हतं.

बहिरमची यात्रा म्हणजे माळरानावर मांडलेला महिनाभराचा स्वयंपाक. जिकडे तिकडे चुली, मातीच्या हंड्या, धूर. गोवऱ्या आणि हंडी तिथेच मिळते, भाव मात्र आधी ठरवा. वांगी आम्ही सासूबाईंच्या भावाच्या मळ्यातली नेली होती. जाडसर कणीक मळून त्यांनी रोडग्यांचे गोळे वळले, मी गोवऱ्यांच्या विस्तवात ते रचले आणि आमचा वाद पुन्हा पेटला. ते वेळेवर उलटायचे असतात, हे दोघीही विसरलो.

"आई, करपल्याचा वास येतोय."

"करपू दे. पयले माझं म्हणणं सांग."

धुराने डोळे चुरचुरत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला तो बाक दिसला. "आत सगळे माझ्यासाठी काहीतरी करत होते," मी म्हटलं. "डॉक्टर, नर्स, प्रशांत औषधांसाठी धावत होता. तुम्हाला करण्यासारखं काहीच नव्हतं. नुसतं बसवत नव्हतं, म्हणून तुम्ही शब्द दिला. आणि दिलेला शब्द पाळायचा असतो."

त्यांनी एक काळा पडलेला रोडगा विस्तवाबाहेर ओढला. "हेच," म्हणाल्या.

पहिल्या खेपेचे रोडगे कोळसा झाले होते. त्यातला गर पोखरून आम्ही वांग्याच्या भाजीशी खाल्ला, आणि चव विचाराल तर मी तसा रोडगा पुन्हा मुद्दाम करपवीन. देवापुढचे पाच दुसऱ्या खेपेतले.

पायऱ्या चढून वर गेलो. लोणी-शेंदराने माखलेला तो प्रचंड देव. माझ्या हातात रोडग्यांचा डबा होता. मागून एक बाई म्हणाल्या, "हात जोड ना वं, काहून उभी हाय नुसती?"

सासूबाई वळल्या. "ती नाही जोडत. तिचा इचार हाय तो, चांगला समजून-उमजून केलेला." मग देवाकडे तोंड करून, घरच्या माणसाशी बोलावं तशा म्हणाल्या, "ही हात नाही जोडत. पण जिती हाय. पाहून घे."

मला रडू फुटलं. हात मी जोडले नाहीत, डबा त्यांच्या हाती दिला आणि पदराने डोळे पुसले. परतीच्या वाटेवर त्या अंजनगाव येण्याआधीच गाढ झोपल्या.

माझं मत बदललं का, असं तुम्ही विचाराल. नाही. त्यांचंही नाही. नियम मात्र घरात राहिला, आणि नवस बोलायचं कबूल केलेल्या प्रशांतची फार पंचाईत झाली आहे.

गेल्या रविवारी माझ्या पुढच्या तपासणीची तारीख कळली. सासूबाई मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या बारीले नवस बोलू का नको? तुले इचारल्याबिगर नाही बोलत."

नाही म्हणायचं होतं. पण तपासणीची भीती मलाही वाटते, आणि रिपोर्ट येईपर्यंत बसून राहण्यापलीकडे माझ्याही हातात काही नसतं.

"बोला," मी म्हटलं. "मी हात जोडणार नाही."

"ते माहीत हाय त्याले आता," त्या म्हणाल्या.