लाल नेलपॉलिशच्या रेघा

मी रेल्वेच्या वर्कशॉपात वीस वर्षं फिटर, पण झाशीच्या क्वार्टरसमोर माझ्याच गाडीची गंजलेली ब्रेक डिस्क हातोडा मारमारूनही निघेना. जवळच्या बरुआसागरहून सायकलवर आल्याची पोती घेऊन येणारा विक्रेता थांबला. डिस्कमध्ये आटे असलेली दोन भोकं होती. ती मलाही सकाळपासून दिसत होती. त्याने त्यांत बोल्ट आलटूनपालटून आवळले आणि त्यांच्या रेट्याने डिस्क सुटून हातात आली.

नवी बसवून चाकाचे बोल्ट घट्ट केल्यावर तो माझ्या बायकोला म्हणाला, "भाभीजी, नेलपॉलिश दीजिए." प्रत्येक बोल्टवरून चाकापर्यंत त्याने लाल रेघ ओढली. "लकीर टूटी दिखे तो समझिए, बोल्ट ढीला है. फौज में सीखा है."

आता गाडीत बसण्याआधी बायको वाकून त्या रेघा बघते. माझ्या कुठल्याच कामाकडे ती अशी कधी वाकली नाही. एखादी तरी रेघ तुटलेली निघावी, असं मला रोज वाटतं. आणि त्याच गाडीतून आम्ही दोघं जातो.